पंच्याऐंशी टक्क्यांचा हिशेब

वंशभेदाचा विषय वर्गात निघाला की शिक्षकांच्या हाताशी एक हुकमी आकडा असतो. माणसांमध्ये जी जनुकीय विविधता आहे, तिच्यातील सुमारे ८५ टक्के कोणत्याही एका लोकसमूहाच्या आतच सापडते. वंशावंशांमधल्या फरकाच्या वाट्याला जेमतेम ६ टक्के येतात. म्हणून वंश ही कल्पना जीवशास्त्रात टिकत नाही. हा युक्तिवाद आम्हीही वर्षानुवर्षे करत आलो आहोत. वर्गात केला, शिबिरांत केला, लेखांत केला. तो ऐकताना मुलांना पटतो आणि सांगताना आपल्यालाही बरे वाटते.

काही दिवसांपूर्वी बारावीच्या एका विद्यार्थिनीने आम्हाला अडवले. तिची शंका साधी होती. नळीत थुंकी घालून पाठवली की तुमचे पूर्वज कोणत्या खंडातले होते, हे सांगणाऱ्या कंपन्या आहेत आणि खंडापुरते बोलायचे तर त्या बहुधा बरोबर सांगतात. फरक जर इतका क्षुल्लक, तर त्यांना ते कळते कसे? आम्ही काहीतरी थातुरमातुर बोलून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मूळ निबंध शोधून काढला आणि वाचला. इतकी वर्षे आकडा वापरला, पण निबंध वाचलेला नव्हता, ही कबुली आधीच दिलेली बरी.

हा निबंध अमेरिकेतील आनुवंशशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन (१९२९-२०२१) यांचा. ‘मानवी विविधतेची वाटणी’ अशा अर्थाचे त्याचे शीर्षक असून तो १९७२ साली प्रसिद्ध झाला. त्या काळी डीएनए थेट वाचता येत नव्हता. म्हणून लेवॉन्टिन यांनी रक्तगट, रक्तातील प्रथिने आणि विकरे यांवरून ओळखू येणारी १७ जनुके घेतली. जगभरच्या लोकसमूहांत या जनुकांची कोणती रूपे किती प्रमाणात आढळतात, याची कोष्टके आधीच छापलेली होती. त्यांवरून एका बसप्रवासात आपण हा हिशेब केला, असे त्यांनी पुढे सांगितले आहे.

हिशेबाची कल्पना अशी. एका गावातून कोणतीही दोन माणसे उचलली, तर एखाद्या जनुकाच्या बाबतीत ती वेगळी निघण्याची शक्यता किती? ही त्या गावातील विविधता. (लेवॉन्टिन यांनी माहितीशास्त्रातले एक निराळे माप वापरले होते, पण त्यामागचा विचार हाच.) आता साऱ्या गावांची माणसे एकत्र करून तेच माप काढले, तर ते थोडे वाढेल. जी वाढ झाली ती गावागावांतल्या फरकामुळे. ही वाढ एकूण विविधतेच्या किती टक्के आहे ते काढले की वाटणी झाली. स्यूअल राइट या शास्त्रज्ञाच्या पद्धतीला अनुसरून याच गुणोत्तराला आज एफएसटी म्हणतात. लेवॉन्टिन यांना मिळालेले आकडे असे: लोकसमूहांच्या आत ८५.४ टक्के, एकाच वंशातील निरनिराळ्या लोकसमूहांमध्ये ८.३ टक्के आणि वंशावंशांमध्ये ६.३ टक्के.

हिशेब चोख आहे. गुइदो बार्बुजानी आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली डीएनएमधील १०९ खुणा घेऊन तो पुन्हा केला, तेव्हा लोकसमूहांच्या आतला वाटा ८४.४ टक्के निघाला. पंचवीस वर्षांनी, निराळ्या सामग्रीवर इतके जुळणे ही लहान गोष्ट नव्हे. आमची तक्रार निबंधाच्या शेवटाबद्दल आहे. वंशांच्या वर्गीकरणाला जनुकीयदृष्ट्या किंवा वर्गीकरणशास्त्राच्या दृष्टीने जवळजवळ काहीच अर्थ नाही, असा निष्कर्ष लेवॉन्टिन काढतात. सतरा जनुके एकेकटी तपासून, त्यांची सरासरी काढून, हा निष्कर्ष निघतो का?

निघत नाही, असे केंब्रिजचे संख्याशास्त्रज्ञ ए. डब्ल्यू. एफ. एडवर्ड्स यांनी २००३ साली दाखवून दिले. आपल्या लेखाच्या शीर्षकातच त्यांनी ‘लेवॉन्टिन यांचा तर्कदोष’ असे शब्द वापरले. त्यांचे उदाहरण वर्गात करून पाहता येईल इतके सोपे आहे. दोन गावे घ्या. एका जनुकाचे ‘लाल’ रूप पहिल्या गावात ७० टक्के आणि दुसऱ्यात ३० टक्के. गावातल्या गावात दोघे वेगळे निघण्याची शक्यता दोन्हीकडे ०.४२. दोन्ही गावे समसमान मिसळली, तर लाल रूप ५० टक्के होते आणि शक्यता ०.५०. भागाकार करा: ८४ टक्के विविधता गावांच्या आत. लेवॉन्टिन यांच्या आकड्याला अगदी लागून असलेला हा आकडा! या एकाच जनुकावरून एखाद्याचे गाव ओळखायला गेलो, तर शंभरातल्या तीस माणसांच्या बाबतीत चूक होईल. पण अशी अनेक जनुके एकत्र घेतली तर?

आम्ही ते करून पाहिले. दोन कापडी पिशव्या घेतल्या. एकीत ७० लाल रंगवलेले आणि ३० साधे चिंचोके, दुसरीत याच्या उलट. एका मुलीने वर्गाकडे पाठ करून कोणतीही एक पिशवी निवडायची, तीतून एक चिंचोका काढायचा, रंग सांगायचा, चिंचोका परत टाकायचा, पिशवी हलवायची. असे २१ वेळा. हा झाला एक ‘माणूस’ आणि त्याची २१ जनुके. लाल जास्त आले तर पहिले गाव, साधे जास्त आले तर दुसरे. संभाव्यतेच्या नियमांनी चुकीचे प्रमाण काढले तर ते एका चिंचोक्याला ३० टक्के, तिनांना सुमारे २२, पाचांना १६, अकरांना ८ आणि एकवीसांना अडीच-पावणेतीन टक्के येते. १०१ चिंचोके काढले तर चूक लाखात एखाददुसरी. आमच्या वर्गाने चाळीस माणसे केली आणि त्यांतला एकच चुकीच्या गावाला गेला. प्रत्येक चिंचोक्यापुरती ८४ टक्के विविधता अजूनही पिशवीच्या आतच आहे. एकेका खुणेत कुजबुजीएवढा असलेला फरक अनेक खुणा एका सुरात बोलू लागल्या की स्पष्ट ऐकू येतो. विद्यार्थिनीच्या शंकेचे हे उत्तर.

अनेक लक्षणे एकत्र घेऊन समूहांमधले अंतर मोजण्याची ही युक्ती आपल्याकडे फार पूर्वीच मूळ धरून होती, हे एडवर्ड्स यांच्या निमित्ताने सांगायला हवे. १९२० साली नागपूरला भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन भरले होते. तेथे नेल्सन अॅनंडेल यांनी प्रशांतचंद्र महालनोबिस यांना कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियन लोकांची शारीरिक मोजमापे तपासून पाहण्याची विनंती केली. त्या कामातून सुरू झालेला विचार १९३६ साली ‘महालनोबिस अंतर’ या मापापर्यंत पोचला. उंची आणि हाताची लांबी यांसारखी लक्षणे परस्परांशी निगडित असतात. ती सुटी सुटी मोजली तर एकच फरक दोनदा मोजला जातो. लक्षणांमधला हा सहसंबंध हिशेबात धरूनच अंतर काढायचे, हे या मापाचे सार. एडवर्ड्स यांचा लेवॉन्टिन यांच्यावरचा आक्षेपही अखेर हाच आहे, की समूहांची ओळख जनुकांच्या परस्परसंबंधात दडलेली असते आणि एकेका जनुकाची सरासरी काढताना नेमकी तीच फेकून दिली जाते.

मग लेवॉन्टिन हरले आणि एडवर्ड्स जिंकले का? बरेच लोक तसे सांगतात, आणि वंशवादाला विज्ञानाचा टेकू शोधणाऱ्यांनी एडवर्ड्स यांचा लेख डोक्यावर घेतला. आम्हाला मात्र या वादातला सर्वांत उपयोगी निबंध तिसराच वाटतो. तो डेव्हिड विदरस्पून आणि सहकाऱ्यांचा, २००७ सालचा. त्यांनी प्रश्नच नीट फोडून विचारला. एक प्रश्न असा: या माणसाला बरोबर गटात टाकता येईल का? दुसरा प्रश्न: निरनिराळ्या गटांतली दोन माणसे, एकाच गटातल्या दोन माणसांपेक्षा परस्परांना अधिक सारखी असतील, असे किती वेळा घडेल? या दुसऱ्या प्रमाणाला त्यांनी ओमेगा म्हटले.

वरवर पाहता दोन्ही प्रश्न एकच वाटतात. आमच्या पिशव्यांवर ताडून पाहा. २१ चिंचोक्यांवरून गाव ओळखताना चूक अडीच-पावणेतीन टक्के. पण माणसांच्या जोड्या लावून पाहिल्या तर शंभरात सुमारे ११ वेळा परगावच्या दोघांत फरक कमी आणि गावच्या दोघांत जास्त असे आढळते. बरोबरी होते ती वेगळीच. कारण उघड आहे. गाव ओळखताना आपण माणसाची तुलना अख्ख्या गावाच्या सरासरीशी करतो, आणि सरासरी स्थिर असते. जोडी लावताना दोन्हीकडे हाडामांसाची, यदृच्छया उचललेली माणसे असतात.

विदरस्पून यांनी खऱ्या सामग्रीवर हे केले. आफ्रिका, युरोप आणि पूर्व आशिया असे परस्परांपासून दूरचे तीन गट घेतले, तर दहा खुणांना ओमेगा सुमारे ३० टक्के येतो, शंभर खुणांना २० टक्के आणि हजार खुणांना १० टक्के. हजारो खुणा घेतल्या म्हणजे मात्र तो शून्याला टेकतो. म्हणजे ‘परक्या वंशाचा माणूस तुमच्या शेजाऱ्यापेक्षा तुम्हाला जनुकीयदृष्ट्या जवळचा असू शकतो’ हे जे आपण वर्गात सांगतो, ते किती खुणा पाहिल्या हे सांगितल्याशिवाय खरेही नाही आणि खोटेही नाही. त्याच वेळी, दहाबारा जनुकांवर अवलंबून असलेल्या एखाद्या गुणाच्या बाबतीत गटागटांची सरमिसळ भरपूर असणार, हेही याच आकड्यांतून निघते. औषधाची मात्रा रोग्याच्या वंशाचे नाव पाहून ठरवू नये, असा इशारा लेखकांनी त्यावरून दिला आहे. शिवाय जगातले सगळे लोकसमूह घेतले, दोन टोकांच्या मधले आणि मिश्र समूहही धरले, तर ओमेगा पुन्हा वाढतो.

हा ‘मधल्यांचा’ मुद्दा मुलांच्याच तोंडून आधी आला होता. चिंचोक्यांचा खेळ संपल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “पण सर, पिशव्या आपणच भरल्या होत्या. गावे दोन आहेत हे आपल्याला आधीच ठाऊक होते.” एडवर्ड्स यांच्या लेखावर याहून नेमकी टीका आमच्या वाचनात नाही. गट आधी ठरलेले असतील, तर त्यांत माणसे बसवता येतात, एवढेच त्यांनी सिद्ध केले. गट किती, कोणते आणि त्यांच्या सीमा कोठे, हे गणित आपोआप सांगत नाही.

आणि गट ठरवताना काय होते, हे पाहायचे तर लेवॉन्टिन यांच्याच निबंधातला तक्ता उघडावा. वंशांना अर्थ नाही असे सिद्ध करायला निघालेल्या लेखकाला आधी सात वंश मांडावे लागले. त्यांत हिंदी बोलणारे भारतीय युरोपीयांबरोबर ‘कॉकेशियन’ या खान्यात आहेत. मराठे मात्र तमिळ, नायर, तोडा, चेंचू, ओराँव आणि अंदमानातील ओंगे यांच्यासह ‘दक्षिण आशियाई आदिवासी’ या खान्यात! नर्मदा ओलांडली की वंश बदलतो, असे हा तक्ता म्हणतो. हसू येते खरे. पण लेवॉन्टिन यांनी हे लपवलेले नाही. सीमेवरच्या समूहांना कोठे घालावे याबाबत मनमानी अटळ आहे, हे त्यांना माहीत होते. मराठ्यांना उचलून दुसऱ्या खान्यात टाकले असते, तर ८.३ आणि ६.३ हे आकडे थोडे इकडेतिकडे झाले असते, ८५.४ ला फारसा धक्का लागला नसता. आमच्या मते त्यांच्या निबंधातला खरा पक्का भाग तेवढाच.

खाने कसे पाडले यावर उत्तर किती अवलंबून असते, याचा भारताइतका चांगला नमुना दुसरीकडे मिळणे कठीण. नोआ रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००६ साली अमेरिकेत राहणाऱ्या ४३२ भारतीयांच्या १,२०० खुणा तपासल्या. त्यांचे १५ गट होते आणि ते बहुतेक भाषेवरून पाडलेले: मराठी, कोकणी, गुजराती, तमिळ, बंगाली वगैरे. निष्कर्ष असा, की एवढा विस्तार आणि एवढ्या भाषा असूनही गटांमधला जनुकीय फरक कमी आहे. पुढे २००९ साली डेव्हिड राइक, कुमारसामी तंगराज, लालजी सिंग आणि सहकाऱ्यांनी २५ भारतीय समूह तपासले. हे गट जाती-जमातींचे होते. त्यांच्यातला सरासरी फरक युरोपातील लोकसमूहांमधल्या फरकाच्या निदान तिप्पट निघाला. दोन्ही निबंध आपापल्या जागी बरोबर आहेत. ‘मराठी’ नावाच्या एका खान्यात अनेक जातींची माणसे मिसळली की जातीजातींतला फरक गटाच्या आत जातो आणि दिसेनासा होतो. खाने जातींचे केले की तोच फरक गटांच्या मध्ये येऊन उभा राहतो. इरावती कर्वे आणि कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातील, एकाच दर्जाच्या मानल्या गेलेल्या आठ अंतर्विवाही ब्राह्मण गटांची तुलना १९६८ साली प्रसिद्ध केली, तीही याच शंकेपोटी. एका नावाखाली मोडणारे गट एकाच मुळाच्या फांद्या असतात, हे त्यांना गृहीत धरायचे नव्हते.

येथे एखादा विद्यार्थी विचारेल, मग जात रक्तात असते का? तिप्पट हा शब्द ऐकून घाबरण्याआधी मूळ आकडा पाहावा: ती सरासरी एफएसटी सुमारे एक टक्का आहे. आणि तो फरक कशामुळे आला, हेही याच संशोधकांनी शोधले आहे. प्रिया मूरजानी आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या निबंधानुसार, सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतात सरसकट मिश्रण होत होते. आज स्वतःला अगदी निराळे समजणाऱ्या समूहांतही त्या मिश्रणाच्या खुणा आहेत. त्यानंतर लग्ने गटातल्या गटात होऊ लागली. लहान गट बंद झाला की योगायोगाने काही रूपे त्यात वाढतात, काही नाहीशी होतात. गुणवत्तेशी त्याचा संबंध नाही. रोगांशी मात्र आहे. २०१७ साली दक्षिण आशियातील २६३ समूह तपासले गेले, तेव्हा त्यांतील ८१ समूहांत अशा बंदिस्तपणाचा ठसा फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षाही ठळक आढळला. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच होणारे आजार अशा समूहांत जास्त दिसतात. ‘आपल्यात फरक नाहीच’ एवढेच सांगून थांबणारा शिक्षक हे सांगू शकणार नाही.

आता एका सापळ्याबद्दल, कारण आम्ही स्वतः त्यात पडलो होतो. रोझेनबर्ग यांच्याच २००२ सालच्या, ५२ लोकसमूहांवरील प्रसिद्ध निबंधात लोकसमूहांच्या आतली विविधता ९३ ते ९५ टक्के निघाली. पंच्याऐंशीवरून पंच्याण्णव! आम्ही आनंदाने नवा आकडा वापरू लागलो. पण त्यांनी वापरलेल्या ३७७ खुणा अशा होत्या, की त्यांतील प्रत्येकीची पुष्कळ रूपे असतात. याचा परिणाम काय होतो, ते आडनावांवरून पाहा. दोन गावे आहेत. प्रत्येकात दहा आडनावे, सर्व सारख्या संख्येने, आणि एका गावातले एकही आडनाव दुसऱ्यात नाही. गावात दोघांची आडनावे वेगळी असण्याची शक्यता ०.९०. दोन्ही गावे मिळून वीस आडनावे, शक्यता ०.९५. भागाकार केला तर जवळपास ९५ टक्के विविधता गावांच्या आत! एकही आडनाव सामाईक नसताना. रूपे पुष्कळ असली की ‘आतला’ वाटा मोठा दिसणारच, फरक कितीही असो. म्हणून त्या निबंधातून उचलायचा आकडा ९५ नव्हे. एकाहून अधिक वेळा आढळलेल्या सुमारे ४,२०० रूपांपैकी ४७ टक्के रूपे जगातील सातही भूभागांत सापडली, आणि केवळ एकाच भूभागात सापडणारी सुमारे ७ टक्केच होती. तीही बहुधा त्या भूभागात दुर्मिळ. ही मोजणी सोपी आहे, सरळ आहे, आणि वर्गात सांगायला ८५ पेक्षा आम्हाला जास्त भावते.

आडनावांचे उदाहरण फळ्यावरच ठेवावे, हजेरीपट हातात घेऊन करू नये. आपल्याकडे आडनावावरून काय काय ताडले जाते ते सांगायला नको. खऱ्या आकड्यांवर करायचेच असेल तर जन्ममहिना घ्यावा. एकाच इयत्तेच्या दोन तुकड्या, चाळीस-चाळीस मुले. प्रत्येक तुकडीत कोणत्या महिन्यात किती जन्मले ते मोजा. प्रत्येक प्रमाणाचा वर्ग करून त्यांची बेरीज एकातून वजा केली की त्या तुकडीची विविधता मिळते. मग दोन्ही तुकड्या एकत्र करून तेच करा. तुकडीचा आणि जन्ममहिन्याचा काडीचा संबंध नसला, तरी तुकड्यांमधला ‘फरक’ शून्य येणार नाही. निव्वळ नमुना लहान असल्याने तो सरासरी सव्वा टक्क्याच्या आसपास येतो. भारतातल्या जातींमधला वर सांगितलेला फरक साधारण एवढाच होता. तो असा निव्वळ नमुन्याचा खेळ नाही, हे ठरवण्यासाठी संशोधकांना साडेपाच लाखांहून अधिक खुणा का तपासाव्या लागल्या, ते यावरून मुलांना विचारता येईल. तुमच्या शाळेत आलेले आकडे आम्हाला जरूर कळवा; पंधरावीस शाळांचे जमले की एकत्र छापू.